बसण्याची जागा आणि सुकाणूचा घाट

मोटारीच्या इतिहासात सुकाणूचा, म्हणजे स्टिअरिंगचा, प्रश्न तसा लवकर मिटला. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ या शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार गाडीला आडव्या दांड्याच्या जागी गोल चाक बसवले. चार वर्षांनी पानार कंपनीने ते आपल्या गाड्यांना देण्यास सुरुवात केली, आणि विसाव्या शतकाचे पहिले दशक सरेपर्यंत कललेल्या स्तंभावरचे गोल चाक, त्याच्या तळाशी दंतचक्रांची पेटी आणि तिला जोडलेली पुढची दोन चाके ही मांडणी बहुतेक मोठ्या मोटारींत रूढ झाली. लहान मोटारींचे मात्र तसे झाले नाही. फ्रान्समध्ये साधारण १८९५ पासून १९५७ पर्यंत चिमुकल्या गाड्यांची एक लांबलचक परंपरा चालत राहिली, आणि तिच्यातील कित्येक गाड्यांचे सुकाणू पाहून त्या काळच्या कसलेल्या मेकॅनिकनेही डोके खाजवले असेल. या रचनांना तऱ्हेवाईक ठरवून हसण्याची पद्धत पडली आहे, पण ती अन्यायाची आहे. कारण या गाड्यांत माणसे कुठे बसणार हे आधी ठरत असे, आणि उरलेल्या जागेतून वाट काढणे एवढेच सुकाणूच्या हाती राहत असे.

ही वाट कोणकोणत्या अडचणींतून काढावी लागे हे कळण्यासाठी वळणाची भूमिती थोडी समजून घ्यावी लागते. चारचाकी गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर फिरते, त्यामुळे दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवली तर त्यांपैकी एक फरफटत जाते. घोडागाडीने हा प्रश्न सोपेपणाने सोडवला होता: पुढची दोन चाके एका अखंड आसावर बसवायची आणि तो आसच मधोमध एका खिळीभोवती फिरवायचा. मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या व्हिक्टोरियाचा पुढचा भागही असाच वळत असे. घोडा पुढून ओढत असतो तोवर ही युक्ती उत्तम चालते, कारण आसाला दिशा देणारा जोर घोड्याचा असतो. पण तोच आस माणसाने हाताने धरून ठेवायचा म्हटले की एखादे चाक दगडावर आदळताच अर्धा आस तरफेसारखा वागतो आणि सुकाणू हातातून हिसकावले जाते. यावरचा दुसरा उपाय म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याचा होता व त्याचे लंडनमधील पेटंट १८१८ मध्ये रुडोल्फ आकरमान याने घेतले: आस जागेवरच ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या आखूड खिळींवर अशी वळवायची की आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळेल. फ्रान्समध्ये आमेदे बोले या ल मां येथील ओतकाम-कारागिराने १८७३ च्या आपल्या वाफेच्या गाडीत स्वतंत्रपणे वळणारी चाके वापरली, १८७८ मध्ये शार्ल झांतो याने जोडदांड्यांची भूमिती सुधारली, आणि १८९६ मध्ये आर्थ्यूर क्रेब्स याने चाकांच्या खिळी किंचित कलवून हात सैल सोडला की चाके आपोआप सरळ होतील अशी सोय केली. म्हणजे योग्य उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभीच उपलब्ध होते. ते महाग होते, जड होते आणि त्याला जागा लागे, आणि लहान गाडीपाशी नेमक्या याच तीन गोष्टींची टंचाई असे.

आमेदे बोलेचा मुलगा लेओं बोले याने १८९५ च्या अखेरीस एका तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले आणि तिला ‘व्हॉयत्युरेत’, म्हणजे छोटी गाडी, असे नाव दिले. पुढे हा शब्द फ्रेंच भाषेत सगळ्याच लहान मोटारींना लागू झाला. तिच्यात दोन माणसे एकामागे एक बसत, प्रवासी पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आणि चालक त्याच्या मागे. चालकाच्या उजव्या हाताशी एक लहान चाक असे, आणि त्याचे फिरणे दातेरी पट्टीच्या मदतीने पुढच्या चाकांपर्यंत पोचे. आज बहुतेक मोटारींत असणारी दंतपट्टीची रचना ती हीच, आणि या बाबतीत ही गाडी आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होती. डाव्या हातात एकच दांडा होता, मात्र त्याच्यावर सोपवलेली कामे तीन: पुढे-मागे केला की अख्खे मागचे चाक सरकून इंजिनाचा पट्टा ताणला वा ढिला होई, आणखी मागे ओढला की ब्रेक लागे, आणि मूठ पिळली की गती बदले. दोन्ही हात असे कायमचे गुंतलेले असल्याने चालकाला नाक पुसायचीही उसंत नसावी. प्रवासी सगळ्यांत पुढे, रस्त्यावर काही आदळलेच तर प्रथम त्याच्यावर, यावरून फ्रेंचांनी तिला ‘सासूचा काळ’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते.

याच सुमारास आजां शहरात लाक्र्वा आणि द लाव्हिल हे ‘ला नेफ’ नावाची तीनचाकी बनवत होते. तिच्यात पुढे एकच चाक आणि ते वळवण्यासाठी मागच्या आसनापर्यंत आलेला लांब दांडा, इतकाच सारा सरंजाम होता. एकाच चाकाला वळणाच्या भूमितीचा प्रश्नच पडत नाही, आतले-बाहेरचे असा भेद नसतो, त्यामुळे सुकाणू जवळजवळ फुकटात मिळते. पुण्यामुंबईच्या ऑटोरिक्षात बंद टपाखाली गोल चाकाऐवजी स्कूटरचे हँडल का चालते, याचे उत्तरही यातच आहे. त्याची किंमत मात्र तोल जाण्याच्या भीतीने मोजावी लागे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या चार-पाच वर्षांत फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये ‘सायकलकार’ची लाट आली. मोटारसायकलीचे इंजिन, सायकलीसारखी चाके आणि लाकडी सांगाडा यांपासून केलेली, मोटार आणि मोटारसायकल यांच्या मधली ही जात होती. १९१२ मध्ये मोटारसायकल संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तिची व्याख्या केली आणि मोठ्या वर्गासाठी वजनाची मर्यादा ३५० किलो आणि इंजिनाची मर्यादा ११०० सीसी ठरवली. १९२० च्या फ्रेंच अर्थविषयक कायद्याने याच मापात बसणाऱ्या दोन आसनांच्या गाड्यांना करात मोठी सवलत दिली. मर्यादा अशी किलोंत लिहिली गेली की कारखानदार प्रत्येक लोखंडी भागाकडे संशयाने पाहू लागतो, आणि सुकाणूची दंतपेटी हा भाग चांगलाच जड असतो.

या लाटेतील सर्वांत नामांकित फ्रेंच गाडी म्हणजे रोबेर बूर्बो आणि आंरी दव्हो या दोन तरुणांनी १९१० मध्ये पॅरिसमध्ये बाजारात आणलेली बेदेलिया. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे फ्रेंचमध्ये ‘बे’ आणि ‘दे’ अशी उच्चारली जातात, त्यावरून हे नाव बनले. लांबट होडीसारख्या अरुंद लाकडी सांगाड्याच्या नाकाशी एक वा दोन सिलिंडरचे इंजिन, त्यामागे प्रवासी, आणि सगळ्यांत मागे, जवळजवळ मागच्या आसापाशी, चालक अशी तिची मांडणी होती. आता चालक आणि पुढची चाके यांच्यामध्ये एक माणूस आणि एक इंजिन असेल, तर सुकाणूचा सरळ लोखंडी स्तंभ पुढे न्यायचा तो कुठून? बूर्बो आणि दव्हो यांनी तो नेलाच नाही. त्यांनी सुकाणूच्या आखूड स्तंभावर एक रीळ बसवले, रिळाभोवती पोलादी तारेचे वेढे घातले, आणि तारेची दोन टोके पुढच्या आसाच्या दोन बाजूंना बांधली. चाक डावीकडे फिरवले की एका बाजूची तार रिळावर गुंडाळली जाई, दुसऱ्या बाजूची तितकीच सुटे, आणि आस घोडागाडीच्या आसासारखा मधल्या खिळीभोवती वळे. विहिरीच्या रहाटावर दोर चढतो-उतरतो तसाच हा प्रकार, फक्त दोराच्या दोन्ही टोकांना काम लावलेले.

ही रचना हलकी आणि अतिशय स्वस्त होती, आणि ती बिघडली तर दुरुस्त करायला लोहार पुरे. अखंड आस फिरवण्यासाठी चाकांना आत शिरायला मोकळी जागा हवी असते, आणि बेदेलियाचे नाक अरुंद असल्यामुळे ती आयतीच मिळाली. दोन माणसे शेजारी-शेजारी बसवली असती तर ती मिळणे कठीण होते. दोष होते ते तारेचे. तार वापरात ताणत जाते, ताणली की सुकाणूच्या चाकात मोकळा झोल येतो, आणि तो काढण्यासाठी तिला वारंवार ओढून घ्यावे लागते. शिवाय दगडाचा धक्का तारेतून थेट मुठीपर्यंत येतो, कारण धक्का अडवणारी दंतपेटीच मध्ये नाही. एवढ्यावरही चालकाची सुटका नव्हती. गती बदलण्यासाठी त्याने दांड्याने मागचा आस पुढे सरकवून पट्टे ढिले करायचे आणि सुरुवातीच्या गाड्यांत ते एका कप्पीवरून दुसरीवर चढवायला प्रवाशाने हात लावायचा, अशी कामाची वाटणी असे. प्रवासी हा गाडीचा अर्धा गिअरबॉक्सच होता म्हणायचा.

तरीही बेदेलिया खपली, आणि शर्यतींतही टिकली. १९१३ मध्ये आमियां येथे झालेल्या सायकलकार शर्यतीत इंग्लंडची तीनचाकी मॉर्गन पहिली आली आणि तिच्या मागे स्वतः बूर्बो होता. तीन चाकांच्या गाडीला सायकलकार म्हणावे का, यावर मग फ्रेंच पक्षाने मोठा वाद घातला आणि चारचाकींतला मान बेदेलियाकडे घेतला. महायुद्धात काही बेदेलियांवर प्रवाशाच्या जागी स्ट्रेचर बसवून जखमींची ने-आण करण्यात आली. चालक मागे आणि पुढचा सारा सांगाडा लांब व मोकळा असल्याने त्या कामाला ही गाडी जणू बेतूनच केलेली होती. १९२५ पर्यंत तिचे उत्पादन या ना त्या मालकाकडे चालू राहिले. तोवर सित्रोएंसारख्या कंपन्यांच्या लहान पण पूर्ण अर्थाने मोटार असलेल्या गाड्या स्वस्त झाल्या होत्या, आणि तारेच्या सुकाणूचे दिवस भरले होते.

बेदेलियाच्या अगदी उलट दिशेने गेला तो मार्सेल लेया. द्रोम प्रांतातील दी या गावी १८८५ मध्ये जन्मलेला हा अभियंता मुळात विमानांचा माणूस, आणि मोटारीत गिअरबॉक्स, क्लच, मागच्या आसाकडे जाणारा शाफ्ट हे सगळे कशाला हवे, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या ‘एलिका’ गाडीच्या तोंडाशी विमानासारखा पंखा बसवलेला असे; इंजिन थेट पंखा फिरवी आणि पंखा गाडीला हवेतून ओढून नेई. पंख नसलेल्या विमानासारखी तिची प्लायवूडची काया होती, आत दोन आसने एकामागे एक, आणि सगळे वजन सुमारे पाव टनाच्या आसपास. १९१९ ते १९२५ या काळात पॅरिसमध्ये अशा साधारण ३० गाड्या तयार झाल्या, आणि १९२७ मध्ये मोंलेरीच्या धावपट्टीवर यांपैकी एकीने ताशी १७० किलोमीटरच्या वर वेग गाठला.

एलिकाची पुढची चाके फक्त भार वाहत आणि ब्रेक लावत. वळत ती मागची. चालकाच्या सुकाणूपासून तारा मागे जात आणि शेपटीकडची दोन चाके फिरवत, विमानाचा शेपटीवरचा सुकाणू फिरावा तशी. विमान वळताना शेपटी फेकते, तेव्हा लेयाला हे स्वाभाविक वाटले असणार. शिवाय गाडीचे नाक रुंद आणि शेपटी निमुळती असल्याने निमुळत्या टोकाला एकमेकांजवळ असलेली चाके वळवणे सोपे होते. रस्त्यावर मात्र मागच्या चाकांनी वळणारी गाडी विचित्र वागते. तिला उजवीकडे न्यायचे तर शेपटी आधी डावीकडे झुकते. त्यामुळे गाडी एखाद्या भिंतीला खेटून उभी असेल तर तिला भिंतीपासून वळवून बाहेर काढणे कठीण, कारण वळवू गेले की शेपटी भिंतीवरच घासते. वेग वाढला की आणखी एक दोष डोके वर काढतो. पुढची चाके वळणाऱ्या गाडीत क्रेब्सच्या कलत्या खिळींमुळे चाके सरळ होऊ पाहतात, तर मागून वळणाऱ्या गाडीत एकदा सुरू झालेले वळण वाढत जाण्याकडे कल असतो, आणि चालकाला सतत उलटा हात मारून ते आवरावे लागते. गोदामांतील फोर्कलिफ्ट आजही मागच्या चाकांनी वळते, ती सावकाश चालते म्हणूनच. पंखा फिरवत ताशी १७० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला ही रचना देणे हे धाडस होते, आणि एलिकाच्या अपयशात पंख्याच्या वाऱ्याइतकाच या सुकाणूचाही वाटा असावा. १९२१ ची एक एलिका पॅरिसच्या कला आणि शिल्पविद्या संग्रहालयात पाहायला मिळते.

सायकलकारच्या करसवलती संपल्यावर लहान गाडीचा धागा एका वेगळ्याच माणसाने उचलला. शार्ल मोशे हा पॅरिसजवळच्या पुतो येथील सायकलकार बनवणारा कारखानदार. त्याचा मुलगा झोर्झ याला आईने सायकल धोक्याची म्हणून नाकारली, तेव्हा बापाने त्याला पायडलवर चालणारी चारचाकी करून दिली, आणि तिच्यातूनच मोठ्यांसाठीचा ‘वेलोकार’ जन्माला आला. दोघे शेजारी-शेजारी मागे रेलून बसत आणि पाय पुढे ताणून पायडल मारत. ही गाडी सायकलींपेक्षा जोरात पळे, पण वळणावर वेगात उलटण्याची भीती असल्याने मोशेने तिची एक बाजू काढून टाकावी तसे करून दोन चाकांचा वेलोकार बनवला, आणि सुकाणूचा जुना प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. स्वार मागे रेललेला, त्याचे पाय पुढे, आणि पुढचे चाक पायांच्याही पलीकडे. तेव्हा नेहमीचे हँडल बसवायचे म्हटले तर ते गुडघ्यांच्या पल्याड जाते. मोशेने हँडल स्वाराच्या छातीपाशी आणले, त्यापासून पुढे एक आडवी नळी नेली, आणि तिच्या टोकाशी कोनात एकमेकांत अडकणारी दोन दंतचक्रे बसवून नळीचे फिरणे पुढच्या चाकाच्या उभ्या खुंटाला दिले. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या सायकल धावपट्टीवर फ्रांसिस फोर या दुय्यम दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या सायकलपटूने या वाहनावर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कार एग याचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९३४ रोजी, आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सायकलीची व्याख्या अशी बदलली की मोशेचे वाहन तिच्या बाहेर पडले. शार्ल मोशे त्याच वर्षी वारला.

चारचाकी वेलोकारला खरे गिऱ्हाईक मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये पेट्रोल जवळजवळ नाहीसे झाल्यावर. युद्धानंतर झोर्झ मोशेने त्याच कुळातील गाडीला लहानसे इंजिन बसवले, आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नसल्याने तिचा काही काळ चांगला जम बसला. उत्पादन खात्यातील पोल-मारी पों याच्या योजनेने पोलाद मोठ्या कंपन्यांनाच वाटून दिले होते, त्यामुळे लहान कारखानदारांना मिळेल त्या पत्र्यावर आणि मिळेल त्या मोटारसायकल-इंजिनावर दिवस काढावे लागत. १९५० च्या आसपासच्या कितीतरी गाड्यांत इद्राल कंपनीची १२५ किंवा १७५ सीसीची इंजिने दिसतात ती यामुळेच. या गाड्यांपैकी रोबेर आनवाये याची गाडी सुकाणूच्या दृष्टीने विशेष आहे. त्याने आपले आडनाव रोमन लिपीत उलटे लिहून तिला ‘रेयोना’ नाव दिले आणि १९५० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले. पुन्हा तेच, दोन माणसे एकामागे एक. पण या अरुंद गाडीची पुढची दोन चाके लांब बाहूंवर बाहेर पसरलेली होती, आणि गाडी उभी करायची झाली की ते बाहू आत दुमडून ती दाराच्या चौकटीतून नेता येईल इतकी बारीक होई. चालताना वळणारी आणि थांबताना दुमडणारी अशी दोन्ही कामे एकाच चाकाला लावायची म्हणजे सुकाणूच्या जोडदांड्यांनाही बाहूंबरोबर सरकावे लागते, आणि प्रत्येक सांध्यागणिक झोलाची एक जागा वाढते. अशा गाड्या पंधरा-सोळाच्या पुढे गेल्या नाहीत. विमाने बनवणाऱ्या एका राष्ट्रीय कंपनीने काही वर्षांनी काढलेल्या ‘अँतेर’ या तीनचाकीतही पुढची चाके दुमडण्याची युक्ती होती, आणि तिलाही फार दिवस मिळाले नाहीत.

या परंपरेतील शेवटची मोठी गाडी मूळची फ्रेंच नव्हेच. मिलानच्या इसो कंपनीने १९५३ मध्ये इझेत्ता ही अंड्यासारखी गाडी काढली. तिचे हक्क घेऊन १९५५ पासून पॅरिसजवळ सुरेन येथे, जुन्या ताल्बो कारखान्यात, ‘वेलाम’ या नावाने तिची फ्रेंच आवृत्ती तयार होऊ लागली. ‘इंजिन असलेले हलके वाहन’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव जुळवलेले होते. इझेत्ताला एकच दार आणि तेही समोर. म्हणजे गाडीचे नाक उघडूनच आत शिरायचे, आणि जिथून शिरायचे तिथेच सुकाणू. यावर तोडगा म्हणून सुकाणूचा स्तंभ दारालाच जोडलेला होता, आणि त्याच्या तळाशी सर्व बाजूंनी वाकणारा सांधा बसवलेला होता, ज्याला वर्कशॉपमध्ये युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. दार ओढले की सुकाणूचे चाक दाराबरोबर बाहेर येई, आत शिरायला वाट मोकळी होई, आणि माणसे बसून दार लावले की चाक पुन्हा चालकाच्या छातीसमोर येऊन थांबे. सांध्यामुळे दार कोणत्याही कोनात असले तरी खालच्या दंतचक्रांशी संबंध तुटत नसे. जर्मनीतील हाइंकेलच्या अशाच गाडीत, इसोच्या पेटंटच्या अडचणीने, चाक जागेवरच राही आणि बसणाऱ्यांना त्याच्या आजूबाजूने अंग चोरून शिरावे लागे. त्यावरून इसोच्या युक्तीचे मोल लक्षात येते. वेलामने तिच्यात स्वतःची एक भर घातली आणि वेगमापक थेट सुकाणूच्या चाकाच्या मध्यभागी बसवला, त्यामुळे पॅनेल जवळजवळ उरलेच नाही.

१९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा २३६ सीसीच्या या गाडीला मागणी आली, पण तिची किंमत सित्रोएंच्या चार माणसांच्या दोन-अश्वशक्ती गाडीच्या फार खाली येऊ शकली नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये फ्रान्समधल्याच फुर्शांबो येथील कारखान्याने व्हेस्पा ४०० ही लहान मोटार बाजारात आणली आणि वेलामचा कारभार आटोपला. व्हेस्पा ४०० च्या सुमारे ३० हजार गाड्या तयार झाल्या. तिला दोन्ही बाजूंना एकेक दार होते, दोन माणसे शेजारी-शेजारी बसत, आणि आत शिरताना कोणालाही सुकाणू हाताने बाजूला सारावे लागत नव्हते.